आधीच बेतलेला ब्लाउज

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मोठ्याबाईंच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या टाचण्या होत्या म्हणून शिवणाचं दुकान चाललं, असं त्यांची सून म्हणायची. नाहीतर सासूबाईंच्या जिभेपुढे एक गिऱ्हाईक टिकलं नसतं. फोनवरची मुलगी गोड आवाजात सांगत होती, की परवाच्या स्तनांच्या तपासणीत एका बाजूला काहीतरी दिसलंय, घाबरायचं कारण नाही, पण आणखी फोटो काढायला सोमवारी या. मोठ्याबाईंनी टाचण्यांआडून नुसतं "हं" केलं. कोणती बाजू, हे विचारलं नाही. विचारायचं तर टाचण्या काढाव्या लागल्या असत्या, आणि मग आवाज कसा निघेल याचा त्यांना भरवसा नव्हता.

फोन ठेवून त्यांनी हातातला घेर टाचून पुरा केला. हात चालत होते, पण दुसऱ्या कुणाचे तरी असल्यासारखे.

दुकानाच्या मागच्या अंगाला एक पडदा होता. शस्त्रक्रियेत एक बाजू गेलेल्या बायका माप द्यायला त्या पडद्याआड यायच्या. अशा बाईचा ब्लाउज मोठ्याबाई स्वतः बेतायच्या, त्या बाजूच्या अस्तरात मऊ कापडाची गादी अशी बसवायच्या की रस्त्यातल्या कुणाला कळू नये. एरवी गिऱ्हाइकाच्या वाढलेल्या पोटावर भर दुकानात बोलणारी ही बाई तिथे मुकी व्हायची. मापाचा आकडासुद्धा मोठ्यानं उच्चारायची नाही. सुनेला दुकानात इतकी वर्षं झाली, पण पडद्याआड मेजपट्टी धरायची तिला परवानगी नव्हती.

त्याच संध्याकाळी मोठ्याबाईंनी राखाडी कापड काढलं, आपला एक जुना ब्लाउज त्यावर अंथरला, खडूनं आखलं आणि कात्री चालवली. गादी डावीकडे बसवली. तपासणीच्या मशीननं दाबलं तेव्हा डावीच जास्त दुखली होती, म्हणजे डावीच असणार. त्यांनी फार विचार केला नाही. शिवण सुरेख आली होती.

काजं करायचं काम सुनेचं. तिनं ब्लाउज हातात घेतला, उलटा केला आणि विचारलं, कुणाचा हा? गिऱ्हाइकाचा, मोठ्याबाई म्हणाल्या, काजं कर आणि चौकशा कमी कर. पण ब्लाउजचा उजवा खांदा जरा खाली उतरलेला होता. जन्मभर मशीनवर वाकून खांदा असा उतरलेली बाई त्या दुकानात एकच होती. सुनेनं काजं केली, आणि सोमवारी सासूबाई निघाल्या तेव्हा ती आधीच चपला घालून दारात उभी होती.

"मी काय तान्ही आहे?" मोठ्याबाई म्हणाल्या.

"तान्ही असतात ती ऐकतात तरी," सून म्हणाली आणि कुलूप लावलं.

दवाखान्यातल्या बाईंनी त्यांना मशीनजवळ उभं केलं आणि उजवा हात वर घ्यायला सांगितला. मोठ्याबाईंनी डावा घेतला. त्या बाईंनी हलकेच तो खाली केला. उजवीकडेच दिसलंय आजी, डावी अगदी स्वच्छ आहे.

मग सोनोग्राफी झाली. मग डॉक्टरीणबाईंनी सुईनं आतला बारीक तुकडा काढला. म्हणाल्या, कदाचित काहीच नसेल, कदाचित असेलही. तुकडा तपासल्यावर फोन करू. प्रश्न सगळे सुनेनं विचारले. मोठ्याबाई भिंतीवरच्या पंख्याकडे बघत होत्या. त्याचं एक पातं वाकडं होतं.

परतताना बसमध्ये मोठ्याबाई म्हणाल्या, "कापड फुकट गेलं."

सुनेला हसू फुटलं. मग ती खिडकीकडे तोंड करून बसली, ती उतरेपर्यंत.

दुकानात आल्या आल्या मोठ्याबाईंनी तो राखाडी ब्लाउज तिच्या मांडीवर टाकला. "गादी उसव. उजवीकडे लाव."

"उसवते. लावणार नाही."

त्या दुकानात नाही म्हणायची वहिवाट नव्हती. सून शांतपणे टाके तोडत राहिली. "अंगावर माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. हे शिकवताना माझ्या बोटांवर पट्टी मारली होतीत, आई."

"तेव्हा तू गाढव होतीस."

"आणि आता तुम्ही. फोन येऊ दे. तोवर काही बेतायचं नाही."

मोठ्याबाईंनी टाचण्यांची डबी उघडली आणि पुन्हा मिटली. तुकडा काढून पट्टी चिकटवलेली जागा ठणकत असावी, पण तो ठणकाही शेजारच्या घरातून यावा तसा येत होता. सुनेनं गादी उपटून बाजूला ठेवली, गळ्यात मेजपट्टी घातली आणि पडद्याआड जाऊन उभी राहिली.

"या. आज जसं आहे तसं माप घेते."

त्या गेल्या. गिऱ्हाईक उभं राहतं त्या जागी आयुष्यात पहिल्यांदा उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात जमतील तेवढे उचलले. सुनेनं दुखऱ्या जागेला न लागेल अशी पट्टी फिरवली आणि चार गिऱ्हाइकांत सांगावं तसा आकडा मोठ्यानं सांगितला.

"छाती अडतीस."

पडद्याआड कुणी कधी असं बोललं नव्हतं. मोठ्याबाई पट्टीकडे वाकून बघत राहिल्या.

"ढिली धरलीस," त्या म्हणाल्या. "पुन्हा घे."