भलत्या मनगटाची नाडी

मित्रांनो, मी मनगटावर बांधायचा एक पट्टा आहे. वय दोनच वर्षांचे, पण आमच्या कुळात तेवढ्यात म्हातारपण येते. सध्या माझा मुक्काम नाशिकमधल्या एका संस्थेच्या लोखंडी कपाटात, अगदी खालच्या खणात आहे. सोबतच्या भावंडांच्या बॅटऱ्या केव्हाच संपल्या. माझी थोडी शिल्लक आहे, तेवढ्यात सांगून घेतो.

मला घडवणाऱ्यांनी माझ्या पोटात एक इवलीशी मोटर आणि नाडीची नोंद ठेवणारी चकती बसवली. माझे मुख्य काम एकच. आई बाळाला थोपटते तसा संथ ठेका मनगटावर देत राहायचे. त्या ठेक्याने माणसाची नाडी हळू होते, मनावरचा ताण उतरतो, असे ते म्हणत. हे खरे की खोटे, ते तपासायला संस्थेने अभ्यास काढला आणि सातपूरच्या एका कारखान्यातल्या बायकांना आम्हाला वाटले. मी संध्याच्या वाट्याला आलो.

संध्या नाशिकच्याच द्वारका चौकाजवळच्या वस्तीत आपल्या आईबरोबर राहत असे. संस्थेची योगिनी नावाची मुलगी तिला प्रश्न विचारायला घरी आली.

"ताई, ताण कशाचा येतो?"

"आईचा. विसरायला लागलीय ती. मी कामावर गेले की दार उघडून चालू पडते. मागे द्वारका चौकात सापडली, ट्रकांच्या मधोमध. मी मशीनवर असते अन् डोळ्यांपुढे द्वारका."

"एक ते दहामध्ये किती धरू?"

"तुझ्या आईला तिथं उभी कर, मग तूच धर."

योगिनीने खाली मान घालून नऊ लिहिले.

मशीनवर मनगटात काही चालत नाही. बांगड्या, घड्याळ, सगळे काढून ठेवायचे. त्यामुळे संध्याला माझी खरी गरज असे, तेव्हा मी पिशवीत तिच्या जेवणाच्या डब्याला थोपटत पडलेला असे. डबा शांत असे. संध्या नसे.

एका सकाळी ती निघताना आई, म्हणजे शकुबाई, चपला शोधू लागल्या. संध्याला बस गाठायची होती. "आई, बस ना गं," म्हणत तिने मलाच त्यांच्या मनगटावर आवळले आणि बाहेर पळाली. मी ठेका धरला. शकुबाई थबकल्या. त्यांनी मनगटाकडे पाहिले, बुद्धाच्या तसबिरीखालच्या खाटेवर बसल्या आणि दुसरा तळवा माझ्यावर ठेवला.

दिवसभर त्या माझ्याशी बोलत राहिल्या. देवळाली कॅम्पचा बाजार, तिथली गर्दी, लष्कराच्या गाड्या. "हात सोडू नको गं," त्या मला सांगत होत्या, "हरवशील."

संध्याकाळी संध्या धापा टाकत आली. शकुबाई जागच्या हलल्या नव्हत्या. संध्या मला सोडवायला गेली, तर त्यांनी तिचा हात झटकला.

"थांब बाई. पोरीचा हात सुटंल."

"कुठली पोर?"

"माझी संध्या."

संध्या मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिली.

पण दुसऱ्या दिवशीही तिने मला त्यांनाच बांधले, आणि मग रोजच. शकुबाई घरात बसू लागल्या. संध्याला मशीनवर द्वारका दिसेनाशी झाली. पुढच्या खेपेला तिने आपणहून आकडा सांगितला, तीन. योगिनी हरखली. संस्थेचे साहेब म्हणाले, बघा, पट्ट्याची कमाल. माझे फोटोसुद्धा निघाले.

मग साहेबांनी माझ्या नोंदी उघडल्या. संध्या मशीनवर असताना माझ्याखाली नाडी चालू होती, तीही अडखळणारी, म्हाताऱ्या माणसाची. योगिनी दारात आली.

"ताई, पट्टा कोण घालतं?"

"आई घालते. गुण येतो तुमच्या पट्ट्याला. लिहा ना तसं."

"तसं नाही लिहिता येत. अभ्यास तुमच्या ताणाचा आहे."

"मग माझाच उतरलाय की."

"साहेबांनी परत आणायला सांगितलंय, ताई."

शकुबाईंनी मला मुठीत धरून ठेवले. "पोरीला कुठं नेता माझ्या?" संध्यानेच त्यांची बोटे एकेक करून सोडवली. संध्याची नोंद खोडली गेली. उरलेल्या बायकांवरून ठरले की पट्ट्याने ताण बऱ्यापैकी उतरतो. सभा झाली, टाळ्या झाल्या आणि आम्ही कपाटात गेलो.

त्यानंतर संध्या एकदाच इथे आली होती.

"तुम्हाला नको असलेला एखादा द्या."

"अभ्यासाची वस्तू आहे, ताई. बाहेर नाही देता येत," योगिनी म्हणाली. कपाटाची किल्ली तिच्या हातातच होती.

"बरं. आता मी बाहेरून कुलूप घालून जाते. दिवसभर दार बडवते आई. शेजारीण म्हणते, म्हातारीला डांबलीस. म्हटलं, मग तू बस तिच्यापाशी. तर म्हणते, मला कुठं वेळ आहे."

योगिनीने किल्ली पर्समध्ये टाकली आणि संध्यासाठी चहा मागवला. संध्या चहा न पिता गेली.

मित्रांनो, आम्ही वस्तू शेवटी 'आम्हाला जपा' म्हणून विनवतो. मी तसे म्हणणार नाही. माझे कपाट उत्तम आहे, गंजसुद्धा नाही. मी इथे पत्र्याला थोपटतो आहे आणि तिकडे शकुबाई आतून दार बडवत आहेत. तुमच्या शेजारी असे एखादे दार वाजत असेल, तर ते किती वाजते हे मोजत बसू नका. किल्ली मागून घ्या आणि घटकाभर आत जाऊन बसा. हात मात्र तुमचाच न्या.