घड्याळाची पेटी

सुताराचा धाकटा भाऊ पाणबुड्या होता. जहाजांच्या बुडाचं शेवाळ खरवडायचं, अडकलेले दोर कापायचे, असलं काम. लहानपणी पाण्यातून बाहेर निघायचा नाही, म्हणून घरात त्याचं नाव बेडूक. या बेडकाने काही वर्षांपूर्वी दादाला अगदी स्वतःच्या घड्याळासारखंच घड्याळ आणून दिलं.

"सेल नको, किल्ली नको, उजेडावर चालतं. पाण्यात बुडव, रंधा मारताना घाल, काही होत नाही. फक्त रोज घाल."

दादाचा ऊर भरून आला होता, पण तोंडातून निघालं काय? "मला कुठे बुडी मारायचीय? आंघोळीला बादली पुरते मला!" सगळे हसले. बेडूकही हसला.

आता एवढं भारी घड्याळ भुशात नि डिंकात वापरायचं? सुताराच्या जिवावर आलं. त्याने सागवानाची पेटी केली. गिऱ्हाइकाच्या कामात कधी ओतला नसेल इतका जीव तिच्यात ओतला. आतून मखमल, आणि झाकण असं घट्ट, की धुळीचा कण आत शिरेल तर शपथ! उजेडही शिरणार नाही, हे मात्र शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

त्यानंतर भाऊ यायचा तेव्हा दादाचं मनगट रिकामं दिसायचं. त्याने विचारलं नाही, याने सांगितलं नाही. हळूहळू येणंही कमी झालं.

मग एक दिवस बेडकाचा फोन आला. लांबच्या बंदरावर कायमची नोकरी लागली होती, रविवारी तो निरोप घ्यायला येणार होता. रविवारी सकाळी सुताराने पेटी उघडली. घड्याळ बंद! त्याने ते खिडकीत उन्हाला ठेवलं आणि दहादा जाऊन पाहिलं. दुपारी काटा हलला. वेळ लावून पट्टा आवळतोय, तोच दारात बेडूक.

"अरे वा, दादा! घातलंस!"

"मग! रोज घालतो." खोटं बोलायची काही गरज होती का? पण जिभेला हाड नसतं.

भावाने कौतुकाने त्याचं मनगट हातात घेतलं. सेकंदकाटा थबकत होता आणि दोन-दोन सेकंदांची उडी मारत होता. भावाच्या स्वतःच्या घड्याळातला काटा एकेक सेकंद नीट चालला होता. त्याचा चेहरा उतरला.

"अंधारात पडून राहिलं की ते असं उड्या मारतं, दादा." त्याने हात सोडला. "आवडलं नव्हतं, तर बदलून आणलं असतं मी."

"तसं नाही रे..."

"अहो, भावजींना ती पेटी दाखवा ना," सुताराची बायको म्हणाली.

खोटं उघडं पडलं होतं, त्यावर आता पेटी काढायची म्हणजे आणखी शोभा. सुताराने डोळे वटारले. "तू आधी चहा टाक."

चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि "येतो" म्हणून बेडूक गेला.

"पेटी दाखवली असती तर काय झिजला असतात?" बायकोने विचारलं. रात्री सुताराने फोन हातात घेतला, पण पहिलं वाक्य काय बोलायचं तेच सुचेना. शेवटी ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी तो घड्याळ घालूनच रंधा मारायला बसला. काचेवर भुसा साचला, तो त्याने अंगठ्याने पुसला. काटा आता एकेक सेकंद नीट चालत होता. बेडकाची गाडी सकाळीच सुटली होती.