वाफेच्या तोटीखालचा कप

शिंपीकाकांनी अर्धी कॉफी तशीच ठेवून कप हळूच मागे सरकवला आणि काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. एकतीस वर्षांत या माणसानं कपात थेंब ठेवला नव्हता. नाही आवडली तर तोंडावर बोला, कप आपटा, पण आजाऱ्याच्या खोलीत आल्यासारखं हळू काय वागायचं!

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही हो. जराशी आंबट लागली. माझंच पोट बिघडलं असेल."

"तीन आठवडे?"

शिंपीकाकांनी गळ्यातली टेप सारखी केली आणि समोरच्या आपल्या दुकानात जाऊन मशीन इतक्या जोरात चालवायला घेतली की ग्राहकाच्या बाहीचं काही खरं नव्हतं.

काकूंच्या कॉफीच्या दुकानातलं काउंटरवरचं यंत्र त्यांच्या लग्नाहूनही जुनं. त्याचा दांडा दोन्ही हातांनी खाली ओढायचा, की आतली स्प्रिंग दबते आणि गरम पाणी भुकटीवर उतरतं. मग दांडा सावकाश वर जाऊ द्यायचा, त्या दाबानं कॉफी कपात येते. बटण एकच, चालू-बंदचं. बाकीचं सगळं हातात, आणि तो हात काकूंचा. दुसऱ्या कुणाला त्यांनी दांड्याला बोट लावू दिलं नव्हतं. मुलगा पन्नाशीकडे झुकला तरी त्याला एकच उत्तर मिळायचं: "बघून शिक."

काकूंचा गुडघा रुसला तेव्हापासून सहाला दुकान उघडून यंत्र चालू करण्याचं काम मुलाकडे आलं होतं. काकू सातला येत. नेमकी तेव्हापासून सकाळची कॉफी बिघडली. आणि गंमत अशी, की दहाला शाळेतल्या बाई दूधवाली कॉफी घ्यायला आल्या, की त्यांच्यानंतरचा प्रत्येक कप पूर्वीसारखाच झकास.

"आई, तू जरा बस ना," मुलगा म्हणाला. "सकाळचं मी बघतो. डॉक्टर फोनवर म्हणाले, असं सकाळी जास्त होतं."

"कसं?"

मुलानं जीभ चावली.

"कुठले डॉक्टर? माझ्या गुडघ्याला सकाळ-संध्याकाळ कळत नाही."

"गुडघ्याचे नाहीत." तो फडक्यानं कोरडाच काउंटर पुसू लागला. "विसरण्याचे. आज चारची वेळ घेतलीय. तुला सांगणारच होतो."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे हे सगळं ठरवून झालं होतं! घरात सून दोनदा-दोनदा विचारत होती, "औषध घेतलं ना?" ते यासाठी. शिंपीकाकांची ती हळुवार वागणूक यासाठी. अख्ख्या गल्लीनं मिळून त्यांना खुळ्यात काढलं होतं आणि एकानंही तोंडावर ब्र काढला नव्हता.

"चारला अजून वेळ आहे," त्या म्हणाल्या. "बाजूला हो."

त्यांनी कॉफी पुन्हा दळली, भुकटी दाबली, दांडा ओढला. दांड्याचा जोर हाताला नेहमीसारखाच लागला, म्हणजे दळण बरोबर होतं. रबरी चकतीजवळ गळती नव्हती. दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात ठाम उभा. पण ज्यातून कॉफी उतरते त्या पितळी तोंडाला त्यांनी बोट लावलं, तर बोट तिथेच ठेवता आलं. एरवी हातच झटकावा लागायचा.

"काटा खोटं बोलतोय," काकू पुटपुटल्या.

मुलानं त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर त्यांना थोबाडीत मारल्यासारखी लागली.

त्यांनी हात लांब धरला आणि दूध तापवायची वाफेची तोटी उघडली. फुस्स झालं. वाफ नाही, पांढरं काही नाही, नुसती कोमट कोरडी हवा. काटा लटपटत शून्यावर आला.

"तोटी कधी बंद केलीस?"

"कधी म्हणजे? आल्या आल्या. तू रोज संध्याकाळी उघडी टाकून जातेस. आधी मलाही वाटलं, होतं कधीतरी. पण रोज? मी तुला काही बोललो नाही. गुपचूप बंद करत राहिलो."

"अरे गाढवा!" काकूंचा आवाज रस्त्यापलीकडे गेला आणि समोरची शिलाई मशीन थांबली. "ती उघडीच ठेवायची असते! यंत्र तापताना आतली हवा बाहेर जायला नको? तू तिला कोंडून ठेवलंस. दाब हवेचा, काटा वर, आणि पाणी कोमट! मी सातला येते, तोटी बंद दिसते, मला वाटतं पोरानं वाफ आल्यावर बंद केली. दहाला बाईंच्या दुधासाठी वाफ सोडली की हवा सुटते आणि कॉफी सुधारते. आणि तुम्ही माझ्या डोक्याचे डॉक्टर शोधा!"

मुलानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. डॉक्टरांना दाखवायची यादी. तारखा घालून, एकाखाली एक, नीट अक्षरात. बहुतेक ओळी तोटीच्याच होत्या. एक वेगळी होती: 'रोज संध्याकाळी बाबांचा कान तुटलेला कप काढून ठेवते.'

"तो तोटीखाली ठेवते, थेंब पडतात म्हणून! तुझ्या बापाला मी जिवंतपणी कधी आयता कप दिला नाही, मेल्यावर देईन?"

मुलगा हसला आणि हसताहसताच डोळे पुसू लागला. कागद फाडायला निघाला, तसा काकूंनी तो हिसकावला.

तोटीतून आता खरी वाफ येऊ लागली होती. जुन्या कपात तिचं पाणी टपटपत होतं. काकूंनी तोटी बंद केली, काटा पुन्हा चढेपर्यंत थांबल्या आणि बाजूला सरकल्या.

"धर दांडा."

"मी?"

"नाही, शिंपीकाका! दोन्ही हातांनी धर. आणि सोडू नकोस, हनुवटी फोडेल."

तो ओढत असताना त्यांनी ऑर्डरची पेन्सिल घेतली, यादीच्या तळाशी आजची तारीख घातली आणि लिहिलं: 'मुलाने विचारले नाही.' कागद परत त्याच्या खिशात कोंबणार होत्या, पण हात थांबला. एकतीस वर्षांचं 'बघून शिक' आठवलं आणि स्वतःचाच राग आला. त्याच रागानं त्यांनी खाली आणखी एक ओळ खरडली: 'आईने सांगितले नाही.'

"चारला जायचं आहे," त्या म्हणाल्या. "ही यादी डॉक्टरांना तूच वाचून दाखवायची. सगळी."

मग त्यांनी त्यानं काढलेल्या कॉफीचा कप उचलला आणि शिंपीकाकांना हाक मारली.