तिने सांगितलेला पहाटपक्षी

बातमी आली तेव्हा ती रंगाच्या दुकानात एका शाळेच्या भिंतींसाठी फिकट पिवळा तयार करत होती. तिचं काम रंग मिसळायचं. पांढऱ्या रंगाचा डबा यंत्राखाली ठेवायचा, यंत्र थेंब थेंब रंग सोडतं. मग झाकण ठोकून डबा चांगला घुसळायचा आणि काडी बुडवून कागदावर एक पट्टा ओढायचा. ओला रंग हमखास फसवतो, म्हणून पट्टा वाळवून मगच नमुन्याशी ताडून बघायचा. तिचा पट्टा वाळत होता आणि फोन थरथरला. दादाचा निरोप होता, बोलून पाठवलेला.

"टकळे, पहाटपक्षी परत येतोय! नव्याने, अगदी पहिल्यापासून. नट नवा, दिग्दर्शक नवा, सगळंच नवं. लवकर घरी ये."

"काय झालं ताई?" दुकानाच्या मालकांनी विचारलं.

"पहाटपक्ष्याचा रीबूट येतोय."

"कॉम्प्युटर अडकला की करतात, ते?"

"तेच. इथे माणूस अडकलाय. चौदा वर्षं."

मालक हसले. तीही हसली, पण तिच्या हातातली काडी तशीच राहिली आणि पिवळा थेंब बुटावर पडला.

पहाटपक्ष्याचे एकूण चार सिनेमे आले होते. दिवसभर पत्रं वाटणारा एक साधा माणूस. त्याला पंख मिळतात, पण ते चालतात फक्त अंधार सरतो आणि सूर्य उगवतो त्या मधल्या तासाभरात. तेवढ्यात जे जग वाचवायचं ते वाचवायचं. सूर्य वर आला की पंख मिटणार, मग पक्षीराज असतील तिथून पायी घरी. त्याचे पंख बनवून दिले होते एका म्हाताऱ्या घड्याळजीने. पहिले दोन सिनेमे सुरेख होते, तिसरा बेताचा, आणि चौदा वर्षांपूर्वीचा चौथा असा की बनवणाऱ्यांनीच त्याचं नाव टाकलं.

पहिला आला तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि दादा अकरा. दादा जन्मापासून आंधळा. आई दोघांना दुपारच्या खेळाला थिएटरच्या दारात सोडायची आणि तिला बजावायची, "सगळं सांग हं त्याला. काही गाळू नकोस." मग त्या गार काळोखात ती दादाच्या कानाशी तोंड नेऊन तीन तास कुजबुजायची. समोर मोठमोठ्या चेहऱ्यांचा उजेड हलायचा, त्यातला थोडा दादाच्या गालावर पडायचा, आणि तिला वाटायचं की पडद्यावरचं सगळं आधी आपल्या तोंडात येतंय, तिथे विरघळतंय आणि मग दादाच्या कानात उतरतंय. तिच्या या अखंड बडबडीमुळेच तिचं नाव टकळी पडलं.

आईने गाळू नकोस म्हणून सांगितलं होतं. घालू नकोस असं काही म्हणाली नव्हती.

उडण्याआधी पहाटपक्षी बराच वेळ नुसता गच्चीवर उभा राहायचा. आठ वर्षांच्या मुलीने अशा वेळी काय सांगायचं? उभा आहे, उभा आहे, अजून उभाच आहे. तेव्हा एकदा ती म्हणाली, "आता तो भिंतीवर हात थोपटतोय. निघतो म्हणून सांगतोय घराला." दादा इतका खूश झाला की पुढच्या प्रत्येक उड्डाणाआधी पहाटपक्ष्याने भिंत थोपटली. त्याचे पंख आतून-बाहेरून काळेच होते. तिला ते फार उदास वाटलं, म्हणून तिने आतून जर्दाळूच्या रंगाचं अस्तर लावलं. जर्दाळू दादाच्या ओळखीचा होता, बोटांना आणि जिभेला. सिनेमा पुढे टीव्हीवर लागला, तेव्हाही तिने भिंत चुकवली नाही की अस्तर विसरली नाही.

दुसऱ्या सिनेमात घड्याळजी मेला. मनोऱ्याच्या पायथ्याशी पडून राहिला, पाठीखाली घड्याळाची चाकं विखुरलेली. ती दहा वर्षांची होती. सगळं थिएटर हुंदके देत होतं, तिचंही नाक वाहत होतं.

दादाने विचारलं, "रडतेस कशाला? काय झालं?"

मेला हे तिच्याने बोलवेना. ती म्हणाली, "घड्याळजी दूर निघालाय. खूप पायऱ्या आहेत. चढत चढत चाललाय."

"परत येईल ना?"

"येईल की."

तिसऱ्या आणि चौथ्या सिनेमात घड्याळजीचं कुणी नावही काढलं नाही. दादा वाट बघत राहिला.

आता ती बत्तीस वर्षांची होती आणि दादा पस्तीसचा. तो मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होता. दीडशे खोल्यांचे नंबर त्याला तोंडपाठ, आणि डॉक्टर तो खोकल्यावरून ओळखायचा. बातमी आल्यापासून रोज दुपारी तो कामावरून आला की खिडकीशी खुर्ची ओढून बसायचा आणि फोनकडून चाहत्यांच्या गटातलं सगळं वाचून घ्यायचा.

"नवा नट सहा फुटांचा आहे म्हणे," तो सांगायचा. "उंच माणसाने उडण्यात काय मजा? आपला कसा ठेंगणा, उडाला की मोठा व्हायचा."

"दिग्दर्शकाने आधी नुसते विनोदी सिनेमे केलेत," ती म्हणायची.

"ते बरं की. नाहीतर हल्ली सगळे गंभीर तोंडं करून उडतात. पण त्याचं बालपण पुन्हा पहिल्यापासून दाखवतील बघ. पुन्हा तो पूर, पुन्हा ते आईबाप वाहून जाणं. एकदा झाला की अनाथ, अजून किती वेळा करणार?"

आई कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणायची, "त्याच्या लग्नाचंही बघा जमलं तर. तुम्हा दोघांचं तर काही जमेना."

ती दादाइतकंच बोलायची, पण तिची काळजी वेगळी होती. या वेळी थिएटरमध्ये कानाला लावायचं एक यंत्र मिळणार होतं. पडद्यावर काय चाललंय ते त्यातून एक आवाज सांगणार होता. दादा त्यावर बेहद्द खूश होता. "तुझ्या घशाला आराम," तो म्हणाला. ती हो म्हणाली. पण त्या आठवड्यात दोनदा तिने निळ्याच्या जागी हिरव्याची बटणं दाबली. स्वप्नात तिला एक काळा पक्षी दिसायचा. तो जवळ यायचा, पंख उघडायचा, आतूनही काळाच असायचा, आणि दादा हात लांब करून त्यात काहीतरी चाचपत राहायचा.

मग एके दुपारी ती घरी आली तर दादा फोन मांडीवर ठेवून बसला होता. "ये," तो म्हणाला. "तुला एक गंमत ऐकवतो. मी गटात लिहिलं काल. नव्या सिनेमात काय काय जपायला हवं ते. भिंत थोपटणं, अस्तर, आणि घड्याळजीला परत आणा म्हणून. त्याची उत्तरं ऐक."

फोनचा सपाट आवाज वाचू लागला, मधली हसरी चित्रंही शब्दांत. "हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा. भाऊ, कुठला सिनेमा बघितलात? घड्याळजी दुसऱ्यातच गेला. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा."

"आंधळा मी आहे आणि दिसत यांना नाही," दादा म्हणाला. "तू लिही बरं. तू डोळ्यांनी बघितलंयस."

ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून उभी राहिली. वाटलं, लिहावं काहीतरी, दोन दिवसांत विसरून जाईल. पण त्याने फोन तिच्यासमोर धरला होता आणि त्याचा चेहरा थिएटरात असायचा तसाच होता, तिच्याकडे कान केलेला.

"दादा," ती म्हणाली, "घड्याळजी मेला होता. मी तुला खोटं सांगितलं. भिंतही माझी. अस्तरही माझंच."

दादाने फोन हळूच मागे घेतला. बराच वेळ तो बोटाने त्याच्या कडा चाचपत होता.

"सगळे रडत होते तेव्हा," तो म्हणाला.

"हो."

"मला रडू द्यायचं होतंस गं. अख्खं थिएटर रडत होतं आणि मी एकटा हसत बाहेर आलो. बावीस वर्षं त्या माणसाची वाट बघतोय मी."

तिने पर्स खांद्यावरून काढून खाली ठेवली. पलीकडे आईही कपड्यांच्या घड्या घालायची थांबली होती.

पुढचे चार दिवस दादा तिच्याशी इस्पितळात फोनवर बोलतो तसा बोलला. "हो. नाही. कृपया थांबा." ती दुकानात मान खाली घालून पट्टे ओढत राहिली. मालकांनी विचारलं, घरी सगळं ठीक ना. ती म्हणाली, ठीकच.

पाचव्या दिवशी दुपारी दादाने खिडकीशी दुसरी खुर्ची ओढली. "बस. कसा मेला ते सांग. जसं होतं तसं."

तिने सांगितलं. मनोरा, त्याखालची ओली फरशी, चाकं, त्यातलं एक गोल गोल फिरत लांब जाऊन आडवं झालेलं. पहाटपक्षी गुडघ्यांवर बसलेला आणि वर सूर्य येत असलेला, म्हणून पंख मिटत चाललेले. सांगता सांगता तिचा आवाज नकळत बारीक झाला, कुजबुजीसारखा. खाली रस्त्यावर कुणी सायकलची घंटी वाजवत गेलं. दादा खिडकीच्या चौकटीला डोकं टेकवून ऐकत होता. संपल्यावर त्याने रुमाल काढून डोळे पुसले, नाक शिंकरलं.

"आणि तो ठेंगणा होता, तेही तुझंच?"

"नाही रे! ते खरं. खरंच बुटका होता."

"देवा, तेवढं तरी राहिलं." तो थोडा हसला. मग म्हणाला, "भिंतीचं मात्र त्यांना सुचायला हवं होतं."

सिनेमा लागला त्या रविवारी दोघं दुपारच्या खेळाला गेले. दारातल्या मुलीने दादाला यंत्र दिलं, ते कसं लावायचं ते दाखवलं. दिवे गेले. सवयीने तिने मान त्याच्या बाजूला कलती केली, तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. दादाच्या कानात दुसरंच कुणी बोलत होतं.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला सांगायचं काही नव्हतं. सुरुवातीला ती घाबरलीच. चित्रं येत होती, जात होती, आणि त्यांना धरून ठेवायला तिच्यापाशी एकही शब्द नव्हता. पूर आला, अनाथ झाला, सगळं दादा म्हणाला होता तसंच. नवा नट फार उंच होता पण चालायचा चांगला, बिचकत, जणू जमीन त्याला सवयीची नव्हती. हळूहळू तिचे खांदे सैल पडले. उजेड तिच्यावरून वाहत गेला, तिला कुठेच न अडता. मग तो गच्चीवर आला. कसलीही भिंत थोपटली नाही. नुसता उभा राहिला, आणि ती त्याच्याबरोबर नुसती उभी राहिली. उभा आहे, अजून उभा आहे, आणि ते कंटाळवाणं मुळीच नव्हतं. पंख उघडले आणि तिच्या छातीतून काहीतरी सरकन वर गेलं.

बाहेर आले तेव्हा चांगलं ऊन होतं. थिएटरच्या पायऱ्यांवर माणसं घोळके करून वाद घालत होती, चांगला की वाईट.

"बरा होता," दादा तिच्या दंडाला धरून उतरत म्हणाला. "विनोद जरा जास्त झाले. सांगणारा माणूस नीट सांगतो, पण किती काटकसर! 'तो उडतो.' संपलं. तू असतीस तर चार मिनिटं उडवलं असतंस."

"मग पुढच्या वेळी?"

"पुढच्या वेळी यंत्र घेणारच मी. पण दुसऱ्यांदा तुझ्याबरोबर बघेन. काय वाटेल ते घाल, फक्त बाहेर आल्यावर कबूल कर." तो एका पायरीवर थांबला. "एक सांग. पंख उघडले तेव्हा आवाज कसा होता? नेमका तेव्हाच तो कानात बोलला, 'तो पंख उघडतो.' पंखांचा आवाज हुकला माझा."

तिने आठवून बघितलं. "मोठी ओली चादर दोघांनी धरून झटकावी, तसा. आणि मग काहीच नाही. इतकं शांत की पुढच्या रांगेतला माणूस गिळताना ऐकू आला."

"चादर," दादा म्हणाला. "हं. म्हणजे बदलला. पूर्वीचा जास्त चांगला होता."

"पूर्वीचा कसा होता?"

"तुला माहीत नाही?"

"कसा माहीत असणार? दर वेळी मी बोलत होते ना."

दादा मोठ्याने हसला. मग पायरीवर नीट दोन्ही पाय रोवून उभा राहिला, तिचा दंड सोडला, गाल फुगवले आणि तोंडाने आवाज काढला. आधी जिभेखाली एक फरफर, जाळीत अडकलेल्या वाऱ्यासारखी, ती वाढत गेली आणि शेवटी टाळ्याला जीभ लागून फट् झालं. शेजारचा घोळका वाद सोडून वळून बघायला लागला.

"परत," ती म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

त्याने परत केला. समोरून त्यांची बस आली, थांबली, निघूनही गेली.

"अजून एकदा," ती म्हणाली.