वरचं पातळ, खालचं दाट

म्हाताऱ्या आल्बिनची अट एकच होती. ज्या दिवशी आपल्या हातची बिअर बिघडेल, त्या दिवशी तांब्याचं भांडं विकून टाकायचं आणि आपल्याला यिहलावा शहरातल्या वृद्धाश्रमात पोचतं करायचं. डॉक्टरांनी विसरभोळेपणा वाढत जाणार म्हणून सांगितलं, त्याच दिवशी त्याने हे जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं आणि वर आणखी रस्सा वाढून घेतला. म्हातारा बोलला की करणारच, हे सून ब्लांकाला पक्कं ठाऊक होतं. त्याच्याशिवाय हे घर तिला नको होतं.

गावच्या अग्निशमन दलाच्या जत्रेसाठी आज बिअर घालायची होती. भरडलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं सातू, गरम पाण्यात कालवून झालं होतं. आता तळाचा दाट लगदा काढून वेगळा उकळायचा आणि परत ओतायचा, असं दोनदा. वरचं पातळ पाणी मात्र उकळायचं नाही. पिठाची साखर करायची सगळी करामत त्या पाण्यात असते, ते उकळलं की ती मेलीच. हे या गावात शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही.

नवरा, रादिम, मदतीला होता. म्हणजे स्टुलावर बसून फोन वाचत होता.

"बाबा, ऐका. अमेरिकेतला एकजण सहलीला बर्फ नेतात त्या जाड डब्यात माल्ट आणि गरम पाणी घालतो, झाकण लावतो आणि चक्क बाजारात जातो. परत येतो तर काम झालेलं."

"उकळत नाही?"

"अजिबात नाही."

"मग बाजारातून बिअरच आणत असेल," आल्बिन म्हणाला.

"आणि हा ब्राझीलचा. कपड्यांच्या मशीनमध्ये माल्ट घुसळलंय. विचारतोय, पिळायचं बटण दाबू का?"

"आधी मोजे काढलेत का विचार."

रादिम खो खो हसत होता, आणि आल्बिनने ओगराळं बुडवलं. तळाशी नाही, वरच्यावर. पातळ पाणी भराभर छोट्या भांड्यात गेलं आणि चुलीवर चढलं. ब्लांकाने ते पाहिलं. 'बाबा, चुकलात' एवढंच म्हणायचं होतं, पण ती मोठं भांडं ढवळत राहिली. म्हटलं असतं तर म्हातारा संध्याकाळपर्यंत स्वतःच बॅग भरून बसला असता.

पाणी उकळलं, परत ओतलं गेलं. बराच वेळ झाकून ठेवल्यावर आल्बिनने बशीत थेंब घेतला, त्यावर आयोडीन टाकलं. थेंब काळानिळा झाला. पिठाचं पीठच राहिलं होतं. तो बशीकडे बघत राहिला.

"कोंबड्यांना दाणे टाकून येतो," म्हणाला आणि गेला. कोंबड्यांना सकाळीच टाकून झाले होते.

"रादिम, शोध लवकर. पातळ उकळलं तर काय करायचं?"

रादिमचा आवाज म्हणजे आगीच्या बंबाचा भोंगा. "'चुकून पातळ भाग उकळला, वाचवा!'"

"हळू वाच की मेल्या!"

"'ताजं भरडलेलं माल्ट दोन-तीन वाडगे टाक, ढवळ, झाकून ठेव. घरात कुणाला सांगू नकोस.' खूप जणांनी पसंतीचा अंगठा दिलाय गं."

ब्लांकाने वाडगे भरभरून ओतले, दंड भरून येईस्तोवर ढवळलं आणि झाकण लावलं. दाणे टाकायला इतका वेळ कुणाला लागतो, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही.

आल्बिन परतला. पुन्हा बशी, पुन्हा थेंब. या वेळी आयोडीन तांबूस होतं तसंच राहिलं. ब्लांकाला रडूच येणार होतं, पण ती उगाच ओटा पुसायला लागली.

"पुढच्या वेळी जरा निवू देत जा," आल्बिन बशी विसळत म्हणाला. "कढत असताना टाकलेलं माल्ट फुकट जातं."

रादिमने फोन खिशात घातला.

"तुम्हाला कळलं होतं?" ब्लांकाने विचारलं.

"बशी काळी झाली तेव्हा."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोललीस?"

दुसऱ्यांदा काढायची वेळ झाली होती. आल्बिनने ओगराळं उचललं, भांड्यात डोकावला, आणि दांडा तिच्याकडे केला.

"दाट तू काढ," तो म्हणाला. "मी ढवळतो."