उतारावरची दुसरी रांग

चाकाखालचा दगड बोलतोय मी. दगडावर बोलायची पाळी आली, म्हणजे माणसांनी काय उजेड पाडला असेल ते समजून घ्या.

जन्म खाणीतला. सुरुंगाने फोडलं, छिन्नीने घडवलं आणि या रस्त्याच्या कडेला बसवलं. पुढे पाइपासाठी खोदताना माझे तुकडे झाले. त्यातला हा त्रिकोणी तुकडा एका ड्रायव्हरने उचलून गाडीखाली सरकवला. तेव्हापासून नशिबी चाकंच.

वर दवाखाना, खाली चौक, मध्ये दुकानं आणि सगळा उतार. जागा कमी, म्हणून गाड्या दोन रांगांत लावतात. बाहेरच्या रांगेतल्याने हँडब्रेक ओढायचा नाही, गिअरही टाकायचा नाही. चाकाखाली मला लावायचं आणि खुशाल निघून जायचं. आतल्याला निघायचं झालं की त्याने मला काढायचं, वाट अडवणारी बाहेरची गाडी थोडी खाली सोडायची, मला परत लावायचं. याचा कोण अभिमान इथे. म्हणतात, "आपल्याकडे पार्किंगवरून भांडणं नाहीत." कशी होतील? सगळा भार माझ्या बोडक्यावर.

त्या रांगेच्या बरोब्बर खाली इस्त्रीवाल्या मावशींची हातगाडी. दिवसभर त्यांची पाठ माझ्याकडे. रिक्षावाला एकदा म्हणाला, "मावशी, जरा तोंड इकडे करून उभ्या राहा की."

"तुझं तोंड बघत लोकांचे कपडे जाळू होय रे?"

पूर्वी मला धार होती. चाक अडलं की अडलं. आता टायरांनी घासून माझा गोटा झालाय. कुणाच्या लक्षात नाही. गाडी अंगावर आली की मला खालची ती पाठ दिसते, आणि मी आतून गार पडतो. दगड घाबरतो म्हणून हसायचं तर हसा.

मध्यंतरी पालिकेच्या इंजिनिअर बाई आल्या. फिरून फिरून रस्ता बघितला. म्हणाल्या, "दुसरी रांग बंद करायची. पट्टे मारून एकच रांग, बाकीच्या गाड्या मागच्या मैदानात. अँब्युलन्स वर चढत नाही हो."

माझा जीव भांड्यात पडला. पण सगळ्यांत आधी भांडायला उठल्या त्या मावशीच.

"गाड्या मैदानात गेल्यावर कपडे टाकायला इथवर चालत कोण येणार? तुम्ही?"

"मावशी, वरची एखादी गाडी सुटली तर?"

"सुटते कशाला? दगड आहे ना आमचा. घरच्या माणसापेक्षा जास्त भरवसा आहे माझा त्याच्यावर."

सगळे हसले. बाईही हसल्या, आणि पट्टे मारायचे राहिले ते राहिलेच.

काल दुपारी एक जड जीप लागली. मी दात-ओठ खाऊन धरून होतो, तरी सरकलो. जीप निघाली ती आवाजसुद्धा न करता. मावशी कॉलर दाबत होत्या. मला हाक मारता येईना. रिक्षावाल्याने दंडाला धरून त्यांना ओढलं आणि जीप हातगाडीवर गेली. शेगडीतले निखारे रस्ताभर. मावशी फुटपाथवर बसून राहिल्या, इस्त्री तशीच हातात.

मला वाटलं, सुटलो, आता तरी मला फेकून देतील. तर सगळे जीपवाल्यावर तुटून पडले.

"अहो, दगड असा लावतात का? आडवा लावायचा, आडवा."

लावून दाखवला पण. पुढच्या गाडीखाली.

आज हातगाडी ठोकून-ठाकून परत तिथेच उभी आहे. मावशीही तिथेच. फक्त इस्त्री फिरवता फिरवता मध्येच थांबतात आणि मागे वळून बघतात. गाडीकडे नाही, माझ्याकडे.

मावशी, माझ्याकडे बघून काही होणार नाही. त्या बाईंकडे जा. म्हणावं, पट्टे मारा, आजच मारा, आणि हा दगड घेऊन जा इथून. मी आडवा आहे, मावशी. आणि सरकतोय.