दाराआडची सुमा

चामराजपुरमच्या घरात शरत आणि त्याची मुलगी सुमा दोघंच होती. बायको, जानकी, सकाळीच तलकाडला देवदर्शनाला गेली होती. न्हाणीघरात गेलेली सुमा बाहेरच येईना. आतून हुंदके येत होते. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, त्यामुळे दार ठोठावून उपयोग नव्हता. शरतने दाराखालच्या फटीतून पाहिलं. फरशीवर रक्त होतं.

पोर पडली की काय? त्याने बाहेरचं बटण दाबून आतला दिवा चालू-बंद, चालू-बंद केला. घरात हाक मारायची त्यांची हीच रीत होती. बऱ्याच वेळाने कडी निघाली. सुमाला कुठे लागलं नव्हतं. फ्रॉक मागून लाल झाला होता. तिने खुणेने विचारलं, "अप्पा, मी मरणार?"

"नाही ग. तू मोठी झालीस. आईलाही दर महिन्याला असंच होतं," त्याने खुणांनीच सांगितलं.

जानकीच्या कपाटातलं पॅड त्याने स्वच्छ चड्डीवर चिकटवून दाखवलं, कढत पाणी विसणून दिलं आणि दार ओढून तो बाहेर उभा राहिला. कपडे बदलून आलेली सुमा त्याला बिलगली. आई येईपर्यंत तिने त्याचा हात सोडला नाही.